थापटणे आपल्याच हाती
(कुरुंदा, ता. वसमत येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात 'दैनंदिन जीवनातील आत्मपरीक्षण' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली. ही आज्ञा शिरोधार्य मानताना मनात संकोच होता, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. आम्ही साधक नाही, तत्त्वज्ञ नाही. आमचे सारे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. हा पेशा दुसऱ्याच्या वहीतील चुका शोधण्याचा. तांबडी पेन्सिल हाती घेऊन आम्ही हजारो वह्या तपासल्या. परंतु ती पेन्सिल आपल्या स्वतःच्या वहीवर टेकवावी, असे आम्हांला फार उशिरा सुचले. तेव्हा आज आम्ही बोलतो आहोत ते या विषयातील अधिकारी म्हणून नव्हे, तर उशिरा शाळेत दाखल झालेला एक विद्यार्थी म्हणून, असे समजून ऐकावे, ही विनंती.

आत्मज्ञान हा शब्द फार मोठा आहे. तो उच्चारताच माणसाला हिमालय, गुहा आणि समाधी आठवते. आणि मग 'हे काही आपल्यासारख्या प्रपंची माणसाचे काम नव्हे' असे म्हणून तो निवांत होतो. परंतु त्याच घराण्यातले, रोजच्या वापरातले एक लहान नाणे आहे. त्याला आपण आत्मभान म्हणू. आपण आत्ता का रागावलो? आपण हे दान देतो आहोत ते कोणासाठी, घेणाऱ्यासाठी की पाहणाऱ्यासाठी? आपण खरे बोलतो आहोत की शोभून दिसेल असे बोलतो आहोत? इतके प्रश्न ज्याला वेळेवर पडतात, त्याला आत्मभान आहे. हे नाणे बाजारात, बांधावर, स्वयंपाकघरात, कचेरीत सर्वत्र चालते. दुर्दैवाने ते आपल्या खिशात क्वचितच सापडते.

हा विषय बोलावयाला कुरुंद्याइतके योग्य स्थळ दुसरे कोणते असेल? १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. नकाशावर हा जिल्हा लहान. परंतु नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांना गुरुकृपा झाली असे परंपरा सांगते ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात आहे. कीर्तनात आपण ती कथा शेकडो वेळा ऐकली आहे. आज तीच कथा आत्मपरीक्षणाच्या दृष्टीने पुन्हा एकदा पाहू या.

तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंची दृष्टी कोपऱ्यातील थापटण्याकडे गेली, आणि त्यांनी हे काय म्हणून विचारले. याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग आम्हांलाही तपासा, असे मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबांनी ते थापटणे एकेकाच्या डोक्यावर टेकवावयास प्रारंभ केला. सारे संत शांत राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते दुखावले, चिडले. आणि हे मडके कच्चे आहे, असा गोरोबांनी निकाल दिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नामदेवांची भक्ती खोटी होती, असे कथा कोठेही म्हणत नाही. पांडुरंग त्यांच्या हातून जेवत होता, अशी ज्यांची ख्याती, त्यांच्या निष्ठेबद्दल शंका कोण घेणार? तपासले गेले ते वेगळेच. डोक्यावर थाप बसली की माणूस काय करतो, एवढेच त्यात पाहिले गेले. आपली योग्यता आपल्या गुणांच्या यादीवरून कळत नाही. कोणी आपल्याला कमी लेखले असता त्या क्षणी आपल्या मनात जे उसळते, त्यावरून ती कळते. रोजच्या जीवनात असे थापटणे दिवसातून दहा वेळा आपल्या डोक्यावर बसते. लग्नपत्रिकेत आपले नाव खालच्या ओळीत छापले जाते. सभेत हार घालावयाचा राहून जातो. सून उलट उत्तर देते. भाऊ वाटणीच्या वेळी आवाज चढवितो. प्रत्येक वेळी मडके वाजते. आपण मात्र त्या आवाजाकडे लक्ष न देता थापटणे मारणाऱ्याचा हात धरावयास धावतो.

कथेचा पुढचा भाग औंढ्याचा. रुसलेले नामदेव अखेर विसोबा खेचरांकडे आले, तो हे गृहस्थ नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले! नामदेवांनी त्यांना दटावले. विसोबा म्हणाले, जेथे देव नसेल तेथे माझे पाय नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलून जेथे जेथे नेले, तेथे तेथे पिंडी प्रकट झाली. या चमत्काराचा अर्थ आपापल्या श्रद्धेप्रमाणे कोणी कसाही लावावा. आमच्या अल्पमतीला त्यातून इतकेच दिसते, की नामदेव तेथे आले ते दुसऱ्याची चूक दाखवीत आणि परत गेले ते स्वतःची दृष्टी तपासून. शिवाय याच परंपरेत असेही सांगितले आहे, की हे विसोबा आरंभी ज्ञानदेवादी भावंडांची निंदा करीत असत. पुढे स्वतःची चूक उमगून ते त्यांना शरण गेले. म्हणजे ज्यांनी नामदेवांचे मडके भाजून पक्के केले, ते स्वतः एके काळी कच्चेच होते! पक्के मडके म्हणून कोणी जन्माला येत नाही, हा यातील दिलासा आहे.

कुंभाराच्या धंद्यातील एक साधी गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. भट्टीत भाजलेले मडके फुटले की त्याचे खापर होते. त्याची पुन्हा माती होत नाही. कच्चे मडके मोडले तर मात्र ते पाण्यात भिजवून, मळून पुन्हा चाकावर चढविता येते. आपल्या या वसमत भागाचे पीक हळद. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काढल्यावर ती शिजवावी लागते, उन्हात वाळवावी लागते, मग घासून तिला झळाळी आणावी लागते. तेव्हा कोठे ती बाजारात उभी राहते. परंतु जाणता शेतकरी सारीच हळद शिजवून टाकीत नाही. पुढील सालच्या बेण्यासाठी तो काही कंद तसेच कच्चे राखतो. कारण शिजविलेल्या हळदीला कोंब फुटत नाही. तेव्हा कच्चेपणात लाज नाही. कच्चे असूनही आपण पक्के आहोत असा समज करून घेणे, यातच खरी हानी आहे. कारण अशा माणसाची वाढ तेथेच खुंटते.

आता या गावाच्या नावाशी जोडलेल्या एका व्यक्तीचे स्मरण करणे क्रमप्राप्त आहे. प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे आडनाव याच कुरुंद्यावरून आले. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, आपल्या शेजारच्या नांदापूरचा. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादेस मराठीचे प्राध्यापक. त्यांच्या सहवासात भाच्याचे वाचन वाढले. हे वाचन इतके अफाट, की पुढे नाट्यशास्त्रापासून इतिहासापर्यंत आणि सौंदर्यशास्त्रापासून राजकारणापर्यंत एकही प्रांत या गृहस्थांना परका राहिला नाही. 'श्रीमान योगी' या कादंबरीला त्यांची दीर्घ प्रस्तावना आहे, हे आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. आणि हेच कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा अनुत्तीर्ण झाले होते! पुढे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, पदव्या मिळविल्या, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांना मृत्यू आला.

ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. थोर माणूस दिसला की त्याला आपल्या पंगतीत ओढावयाचे, हा सर्वच ज्ञातिसंस्थांचा जुना मोह. तो आज आपण टाळू. कुरुंदकरांचे ज्या कारणासाठी आम्ही स्मरण करीत आहोत, ते कारण दुहेरी आहे. ज्या घराण्यात ते जन्मले, त्या वर्णाला ज्या ग्रंथाने सर्वांच्या वर बसविले, त्या मनुस्मृतीचीच त्यांनी परखड चिकित्सा केली. दुसऱ्याच्या घरातील केर दाखविणे सोपे. आपल्या उंबऱ्याच्या आतला केर चारचौघांत दाखविण्यास धैर्य लागते. हे पहिले कारण. दुसरे कारण आमच्या घराशी निगडित आहे, आणि ते सांगण्यासाठीच खरे पाहता आम्ही आज येथे उभे आहोत.

आपल्या संमेलनात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. कित्येक वर्षे ती यादी आमच्याच अक्षरात तयार होत असे. एके वर्षी आमचा धाकटा मुलगा बारावीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला. शिक्षकाचा मुलगा आणि तो नापास! त्या वर्षी संमेलनाला घरातील सारी मंडळी आली. तो आला नाही. कोणी विचारले तर, 'मामाकडे गेला आहे' असे आम्ही सांगत होतो. वास्तविक तो घरीच होता. तू येऊ नकोस, असे आम्ही त्याला शब्दांनी सांगितले नव्हते. आणि पुढे अनेक वर्षे आम्ही त्याच आधारावर स्वतःचे समाधान करून घेतले, की मुलगा आपण होऊनच आला नाही. वर्गात मात्र आम्ही दरसाल कुरुंदकरांच्या नापास होण्याची गोष्ट रंगवून सांगत होतो. मुले टाळ्या वाजवीत होती.

जुलै २०२२ मध्ये या कुरुंद्यात जी अतिवृष्टी झाली, ती आपणांस सांगावयास नको. घराघरांत पाणी शिरले. धान्य, कपडे, पुस्तके सारे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही लोखंडी पेटीतील भिजलेले कागद गच्चीवर पसरून वाळवीत होतो. त्यात त्या जुन्या वर्षाची संमेलनाची निमंत्रणपत्रिका निघाली. जेवणाची पाने कळवावयाची म्हणून तिच्या पाठीमागे घरातील मंडळींची नावे लिहिली होती. नावे चार होती. घरात माणसे पाच होती. अक्षर आमचे होते.

मंडळी, त्या क्षणी आमच्या डोक्यावर जे थापटणे बसले, ते कोणा गोरोबांच्या हातचे नव्हते. तो येणार नाही, हे आम्ही त्याला विचारण्यापूर्वीच ठरविले होते. आमचेच अक्षर आमच्याविरुद्ध साक्ष देत होते, आणि उलटतपासणीला जागा नव्हती.

मुलगा खाली अंगणात भिजलेले गहू पसरीत होता. आम्ही तो कागद घेऊन त्याच्याजवळ गेलो आणि काय बोलावे ते न सुचून तो त्याच्या हाती दिला. त्याने वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "नाना, मला तेव्हाच ठाऊक होतं." एवढे बोलून तो पुन्हा गव्हाकडे वळला. पुढे काही मोठे घडले नाही. गळ्यात गळा घालून कोणी रडले नाही. आज तो आपली शेती पाहतो; ती बरी चालते की वाईट, याचा या गोष्टीशी संबंध नाही. तो पुढे यशस्वी झाला म्हणून आमची चूक ठरावी आणि नसता झाला तर ती क्षम्य ठरावी, असे नाही. कुरुंदकर प्राचार्य झाले नसते, तरी इंटरला नापास झालेला तो तरुण घरच्या पंगतीत बसण्यास पात्रच होता. ही दुसरी गोष्ट आम्ही वर्गात कधी सांगितली नव्हती, कारण ती आम्हांलाच कळली नव्हती.

हे सारे सांगण्याचे कारण स्वतःला कोसून घेणे नव्हे. आपला अपराध चारचौघांत रंगवून सांगणे हाही अहंकाराचाच एक प्रकार होऊ शकतो, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु या अनुभवातून रोजच्या व्यवहाराला उपयोगी अशा तीन गोष्टी आम्हांला मिळाल्या. त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की आपण न बोललेले शब्दही आपलेच असतात. 'मी असे कधी म्हणालो नाही' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! घरात सून दाराआड उभी राहते, म्हातारी आई पाहुण्यांसमोर येण्याचे टाळते, नापास मुलगा मामाकडे 'जातो'. आणि आपण म्हणतो, आम्ही कोणाला काही बोललो नाही. आपल्या मौनानेही जी आज्ञा केली असेल, तिचा जमाखर्च मांडणे हे आत्मपरीक्षणाचे पहिले कलम आहे.

दुसरी गोष्ट, हे काम मनातल्या मनात भागत नाही. मन आपलेच वकीलपत्र घेऊन बसलेले असते. भुसारी दुकानदार रात्री दिवा मालविण्यापूर्वी रोजकीर्द लिहितो; आठवणीवर विसंबत नाही. त्याप्रमाणे दिवसातून एक ओळ लिहावी. फार नको, आज राग कोठे आला आणि त्याच्या मुळाशी काय होते, एवढेच. आम्ही ही सवय वृद्धपणी लावून घेतली. बहुतेक दिवशी रागाच्या मुळाशी दुसऱ्याचा अपराध निघत नाही; 'लोक काय म्हणतील' ही भीतीच निघते.

तिसरी गोष्ट, चूक उमगल्यावर ती ज्याची झाली त्याच्यापाशी जावे. देवापाशी, डायरीपाशी किंवा सभेपाशी जाणे त्यामानाने सोपे असते. ज्याच्यापाशी जावयाचे, त्याने क्षमा करावी ही अपेक्षाही मागे ठेवून जावे. तो गव्हाकडे वळला तर वळू द्यावे.

जी गोष्ट व्यक्तीची, तीच समाजाची. ज्ञातिसंस्था ही अनेक घरांचे मिळून एक घर असते, आणि प्रत्येक घरासारखी तिचीही एक लोखंडी पेटी असते. आपल्या स्मरणिकांत आपण पूर्वजांचे पराक्रम छापतो, देणगीदारांची छायाचित्रे छापतो, आपल्यावर झालेल्या अन्यायांची गाऱ्हाणीही छापतो. हे सारे योग्यच आहे. परंतु आपण इतरांना कोठे पंगतीबाहेर ठेवले, कोणत्या पाणवठ्यावर कोणाला उभे राहू दिले नाही, आपल्याच ज्ञातीतील विधवांना आणि गरिबांना मांडवात कोठे बसविले, याचे पान आपल्या स्मरणिकेत कधी निघाले आहे काय? ती नावेही कोणत्या तरी पत्रिकेच्या पाठीमागे, आपल्याच अक्षरात, लिहावयाची राहून गेलेली आहेत.

येथे पुन्हा नामदेवरायांकडे वळू. पक्के झालेल्या मडक्याने पुढे काय केले? परंपरा सांगते, की मंगळवेढ्यास गावकूस कोसळून त्याखाली चोखोबा गेले, तेव्हा नामदेव स्वतः तेथे गेले. त्या ढिगाऱ्यातून ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी वेचल्या आणि पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांची समाधी बांधविली. पुढे ते दूर पंजाबात घुमानपर्यंत पोचले. गुरुग्रंथसाहिबात आज त्यांची ६१ पदे आहेत. थापटण्याने दुखावणारा नामदेव आणि ढिगाऱ्यातून अस्थी वेचणारा नामदेव, या दोहोंतील अंतर हेच आत्मविकासाचे माप आहे. ज्याला आपण 'आपला' म्हणतो त्याचे वर्तुळ किती वाढले, यावरून माणूस पिकला की नाही ते कळते.

आणि समाजाला पिकण्यास किती काळ लागतो, तेही पाहा. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी झाली ती चौदाव्या शतकात. त्यांच्या ज्ञातिबांधवांना त्या द्वाराच्या आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले ते १९४७ साली. सहा शतके! पायरीपाशी समाधी, तिला रोज नमस्कार, आणि त्याच पायरीशी अडविलेली जिवंत माणसे. मधल्या पिढ्यांतील किती सज्जनांनी, 'आम्ही कोणाला काही बोललो नाही' असे म्हणून आपले समाधान करून घेतले असेल!

आता चिटणिसांच्या परवानगीने एक नम्र सूचना करतो आणि आपली रजा घेतो. गुणवंतांचा सत्कार अवश्य व्हावा. श्रमाचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु पुढील वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेत एक ओळ अधिक छापावी, की परीक्षेत यश आले असो वा नसो, घरातील सर्व मुलामुलींनी संमेलनास यावे, आणि पंगतीत प्रथम पाने मुलांची मांडली जातील. वाढण्याच्या वेळी कोणाला त्याचे गुण विचारू नयेत. एवढ्याने समाज सुधारेल, असा आमचा दावा नाही. मात्र त्या दिवशी कोणा बापाला 'मामाकडे गेला आहे' असे सांगावे लागणार नाही.

आमच्या पुरते बोलावयाचे, तर यंदाच्या पत्रिकेमागे आम्ही पाच नावे लिहिली. पाचवे नाव लिहिण्यापूर्वी त्याला विचारले. तो म्हणाला, "हळदीचं काम आहे, जमलं तर येईन." तो आला आहे की नाही, हे आम्ही व्यासपीठावरून शोधीत नाही. त्याचे पान मांडलेले आहे.